बाईंचा पास

डॉक्टर हुलसूरकर त्या रविवारी बूट घालून क्लबात आले. एरवी ते चपलांवर यायचे, चपला टेबलाखाली सोडायचे आणि खुर्चीत मांडी घालून बसायचे.

"डॉक्टर, तुमची गाडी संध्याकाळची. आत्तापासून बूट?" ठिपसे साहेबांनी विचारलं.

"चपला ट्रंकेत गेल्या," डॉक्टर म्हणाले आणि आपल्या जागी बसले. या वेळी पाय खाली सोडून.

क्लब म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. बाहेर बॅडमिंटनचं कोर्ट होतं, त्यात गुडघ्याएवढं गवत माजलं होतं. धरण बांधून झालं, पाणी अडलं, उद्घाटन झालं आणि वसाहतीतलं एकेक बिऱ्हाड हलायला लागलं. रिकाम्या क्वार्टरांची दारं-खिडक्या लिलावात गेली. ज्या ओळीत कधीकाळी संध्याकाळी पन्नास चुली पेटायच्या, तिथे आता चौकटींची नुसती भोकं दिसत. मी सत्तावीस वर्षांचा होतो, शाखा अभियंता होतो, आणि उरलेलं सामान मोजून वरच्या ऑफिसला कळवायचं एवढंच माझं काम होतं. सगळी वसाहत गेल्यावर मी जायचं, असा हुकूम होता.

ब्रिज खेळणारे आम्ही चौघं उरलो होतो. कार्यकारी अभियंता ठिपसे साहेब आणि मी एकीकडे. समोर डॉक्टर हुलसूरकर आणि सोवनी बाई. डॉक्टर वसाहतीच्या दवाखान्याचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. सोवनी बाई वसाहतीच्या शाळेच्या हेडबाई. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नव्हतं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. डॉक्टर आणि बाई नऊ वर्षं एकमेकांसमोर बसून खेळत होते, आणि त्या नऊ वर्षांत त्यांच्याबद्दल वसाहतीत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण काढण्यासारखं काही दिसतच नसे. खेळ संपला की डॉक्टर डाव्या रस्त्याने दवाखान्याकडे जात, बाई उजव्या रस्त्याने शाळेकडे. दोघंही मागे वळून बघत नसत.

दवाखाना बंद झाला होता. डॉक्टरांनी नोकरी सोडली होती आणि ते उदगीरकडे आपल्या गावी चालले होते. बाईंची शाळा एप्रिलमध्येच संपली होती. भाऊ साताऱ्याला होता, त्याच्याकडे त्या पुढच्या आठवड्यात जाणार होत्या.

"उद्यापासून आपण तिघं," पत्ते पिसता पिसता साहेब म्हणाले. "आणि तिघांत ब्रिज होत नाही."

कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं. त्या दिवशी चहा बाई स्वतः करणार होत्या. घरून चार कप आणले होते, निळ्या काठाचे. एरवी आम्ही क्लबातल्या जाड काचेच्या ग्लासांतून चहा प्यायचो.

ब्रिज मला बाईंनीच शिकवला होता. वसाहतीत आलो तेव्हा मला रमीपलीकडे काही येत नव्हतं. संध्याकाळी क्वार्टरवर बसून भिंतीकडे बघायचो. एक दिवस त्यांनीच निरोप पाठवला, चौथा गडी बदलून गेलाय, येऊन बसा. पहिले दोन महिने मी नुसता शिकलो. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. 'वन नो-ट्रम्प' म्हणजे हुकूम न ठरवता खेळायची बोली, आणि ती बोलणाऱ्याकडे सोळा ते अठरा पॉइंट हवेत. दोघा भिडूंचे मिळून सव्वीस झाले तर 'थ्री'पर्यंत जायचं, म्हणजे गेम, म्हणजे मोठं बक्षीस. पण भिडूची पानं दिसत नाहीत. बोलायलाही मनाई. बोलीतूनच काय ते कळवायचं.

"तुमच्याकडे दहा पॉइंट असतील तर सरळ थ्री म्हणा," बाई सांगायच्या. "सात असतील तर गप्प बसा. पण आठ किंवा नऊ असतील तर? तर ठरवणारे तुम्ही कोण? तर विचारायचं. टू नो-ट्रम्प. म्हणजे काय, की बाबा, माझ्याकडे थोडं आहे, पुरेसं नाही. तुझ्याकडे जास्तीचं असेल तर वर ये. नसेल तर इथंच थांबू, वाईट वाटून घ्यायचं नाही."

"आणि त्याने पास म्हटलं तर पुन्हा विचारता येतं?"

"नाही. एकदाच."

तर त्या रविवारी आम्ही दोन्ही बाजूंनी एकेक गेम घेतला होता. तिसरा घेईल त्याचं रबर, म्हणजे सामना. वाटप बाईंचं होतं, म्हणून पहिली बोलीही त्यांचीच. बाईंनी पानं उचलली, लावली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. असं त्या कधी करत नसत.

"वन नो-ट्रम्प," त्या म्हणाल्या.

मी पास म्हटलं. डॉक्टरांनी आपली पानं मिटून टेबलावर पालथी ठेवली.

"टू नो-ट्रम्प."

साहेब पास म्हणाले. आता पाळी बाईंची. बाहेर कुठेतरी पत्रा उचकटल्याचा आवाज येत होता, लिलाववाल्याची माणसं रविवारीही राबत होती. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टर बाईंकडे बघत होते. वसाहतीत आल्यापासूनच्या नऊ महिन्यांत मी डॉक्टरांना बोली चालू असताना भिडूच्या तोंडाकडे बघताना पाहिलं नव्हतं. तसं बघणं ते असभ्यपणाचं मानत.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही बोलायचंय."

"हं," बाई दचकून म्हणाल्या. "पास."

झालं. टू नो-ट्रम्प. आठ हात केले की पुरे. मी किलवरचं पान टाकलं आणि डॉक्टरांनी नियमाप्रमाणे आपली पानं उघडी मांडली; तीही बाईंनीच खेळायची. त्यांच्याकडे आठ पॉइंट होते, चोख. म्हणजे बाईंकडे फार तर सतरा, असं मी मनाशी धरलं.

बाई खेळायला लागल्या. किलवरची राणी त्यांच्या हातातून आली. मग इस्पिकचा एक्का, पाठोपाठ राजा. बदामचा एक्का. मी मोजत गेलो, साहेबही मोजत असणार. डॉक्टर तर मोजतच होते. आपली पानं उघडी पडली की डॉक्टर एरवी उठून दारात जायचे आणि विडी ओढायचे. आज ते जागचे हलले नाहीत. बाईंच्या बोटांतून निघणारं प्रत्येक पान ते बघत होते. चौकटचा राजा आला. आता सोळा झाले. मग चौकटची राणी आली, आणि डॉक्टरांनी नजर टेबलावरून काढून घेतली.

अठरा. वरचं टोक.

बाईंनी दहा हात केले.

"अहो बाई!" साहेब हसत सुटले. "अठरा घेऊन पास? गेम होता की सरळसरळ! माझ्या जन्मात तुम्हाला अशी चूक करताना पाहिलं नाही."

बाईंनी आपले पत्ते गोळा केले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हो का?" एवढंच म्हणाल्या. "चहा टाकते." आणि स्टोव्हकडे गेल्या.

त्या परत येऊन बसल्या. पुढच्या वाटपात पानं आम्हाला आली आणि रबर आम्ही घेतलं. बाई पुन्हा स्टोव्हपाशी जाऊन कप विसळत होत्या. डॉक्टर उठले.

"जीप आत्ताच काढू या, नेर्लेकर," ते मला म्हणाले. "घाटात एखादा ट्रक अडला तर गाडी चुकायची."

"चहा झालाच आहे, डॉक्टर," बाई तिकडूनच म्हणाल्या.

"आज नको, बाई. प्रवासात पित्त होतं."

आम्ही सगळे जीपपर्यंत गेलो. ट्रंक, वळकटी, औषधांची पेटी. साहेबांनी डॉक्टरांना मिठी मारली. बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेतलेला.

"सांभाळून जा," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही."

घाट उतरेपर्यंत डॉक्टर ट्रंकेवर हात ठेवून बाहेर बघत होते. पुढे ड्रायव्हर होता, मागे आम्ही दोघं आणि ट्रंक. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडीला भरपूर वेळ होता. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला. फलाटावरच्या बाकावर बसून डॉक्टरांनी विडी पेटवली.

"नेर्लेकर, तुम्ही वयाने लहान आहात. पण आता सांगायला दुसरं कोणी नाही." त्यांनी धूर सोडला. "सकाळी मी बाईंच्या क्वार्टरवर गेलो होतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांना म्हटलं, गावाकडे घर बांधलंय. दोन खोल्या जास्तीच्या आहेत. मी फार काही देऊ शकत नाही, पण तुम्हाला एकटं राहायचं नसेल तर या. लग्न करून म्हणा, कसं म्हणा, तुम्ही ठरवाल तसं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. उत्तर मिळालं. तुमच्यासमोरच दिलं."

मला उमगायला एक क्षण लागला.

"अठरा पॉइंट हातात," डॉक्टर म्हणाले, "आणि पास. आणि ती बाई मोजण्यात चुकत नाही. बरं केलं. तोंडाने नाही म्हणावं लागलं नाही त्यांना, मला ऐकावं लागलं नाही." ते थोडं हसले. "वाईट वाटून घ्यायचं नाही."

गाडी आली. मी ट्रंक चढवली. खिडकीतून त्यांनी हात केला आणि गाडी हलायच्या आधीच आत घेतला.

दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो तर बाई नव्हत्या. त्या पुढच्या आठवड्यात साताऱ्याला गेल्या तेव्हा मी वरच्या ऑफिसला गेलो होतो. निरोप घेणंही झालं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांची बदली झाली. मग त्या एवढ्या वसाहतीत मी, एक चौकीदार आणि भटकी कुत्री. संध्याकाळी क्लबात जाऊन मी दिवा लावायचो, उगीचच. पत्त्यांच्या टेबलावरचं हिरवं कापड कुणीतरी काढून नेलं होतं.

नंतर माझ्या बदल्या होत गेल्या. लग्न झालं, मुलं झाली. उदगीरच्या बाजूला काम निघालं की डॉक्टरांकडे डोकावायचो. बाईंचं मात्र काही कळत नव्हतं. वीसेक वर्षांनी कार्यकारी अभियंता होऊन मी साताऱ्याला आलो, आणि एका सकाळी राजवाड्याच्या भाजीबाजारात माझ्यापुढची म्हातारी भाजीवालीला म्हणाली, "मेथी बघून दे, कालची नको." आवाज ऐकला आणि मी नकळत ताठ उभा राहिलो. तो हेडबाईंचाच आवाज होता.

त्यांनी मला घरी नेलं. भाऊ वारला होता. त्याच्याच इमारतीत खालच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. स्वच्छ, थोडकं सामान. फोनवर भरतकामाचं झाकण होतं. "भाच्याने बसवून दिलाय," त्या म्हणाल्या, "काही झालं तर असावा म्हणून. दिवाळीला तो करतो. एरवी वाजत नाही. कधीकधी मीच उचलून बघते चालू आहे का."

चहा झाला. साहेब वारल्याचं मी सांगितलं. डॉक्टरांचं नाव दोघांनीही घेतलं नव्हतं.

"बाई, एक विचारू? ब्रिजमधलं आहे."

"विचारा की. आता कोण विचारतंय!"

"त्या शेवटच्या रविवारी तुम्ही अठरा पॉइंटांवर पास म्हणालात. का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या.

"तुमच्या लक्षात आहे ते?" त्या हळूच म्हणाल्या. "मी मोजलेच नव्हते, नेर्लेकर. पानं हातात होती, पण दिसत कुठे होती? डॉक्टर टू म्हणाले तेही मला ऐकू आलं नाही. पाळी माझी आहे असं साहेब म्हणाले, म्हणून तोंडातून पास गेलं."

त्यांनी कप बाजूला सरकवला.

"आता लपवण्यासारखं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी डॉक्टर आले होते घरी. गावी या म्हणाले. मी लगेच काही बोलू शकले नाही. तर म्हणाले, घाई नको, निघायच्या आधी पुन्हा विचारतो. दुपारभर मी हो म्हणायची तयारी करत होते. त्या वयात हो म्हणायलाही तयारी लागते. चहा करायचा, कप द्यायचा, आणि साहेब दारात गेले की सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. आणि ते चहा न घेताच उठले. विचारलं नाही. मला वाटलं, त्यांनी विचार बदलला असेल. सकाळी भरात बोलून गेले असतील. जीपपाशी तुम्ही होता, साहेब होते, ड्रायव्हर होता. मी काय म्हणणार होते?"

डॉक्टर फलाटावर मला काय म्हणाले होते, ते मी त्यांना सांगितलं. सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. बऱ्याच वेळाने झाली.

"आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत. तिथेच, गावी. दवाखाना चालवतात थोडाफार."

"खेळतात?"

"नाही. गावात चौथा मिळत नाही म्हणतात."

"चौथा?" बाई वळल्या. "आणि बाकीचे दोघं तरी कोण?"

मी उठलो.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "त्यांना हे कळवू नका."

"पण बाई..."

"ऐका. त्यांनी विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं. नाही म्हणून का होईना, पण मिळालं. त्यावर त्यांनी एवढी वर्षं काढली. आता ते उत्तर नव्हतंच, असं जाऊन सांगायचं? मग त्या वर्षांचं त्यांनी काय करायचं? माझं मी बघेन. त्यांच्याकडचं काढून घेऊ नका."

मी शब्द दिला.

त्या हिवाळ्यात लातूरला गेलो होतो, तिथून डॉक्टरांकडे गेलो. सत्तरी ओलांडली होती, पण चालणं तसंच होतं. घरातल्या जास्तीच्या दोन खोल्यांपैकी एकीत तुरीची पोती होती, दुसरीत कुलूप. आम्ही ओसरीवर बसलो. साताऱ्याला असतो म्हटल्यावर ते थांबले.

"साताऱ्याला सोवनी बाईंचा भाऊ असायचा."

"भेटल्या मला. भाऊ गेला त्यांचा. एकट्याच असतात."

"तब्येत?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"दुखणारच. शाळेत उभ्या उभ्या आयुष्य गेलं." त्यांनी विडी काढली, पेटवली नाही. "माझं नाव निघालं?"

"निघालं."

ते वाट बघत राहिले. मी शब्द दिला होता. ओसरीसमोर एक शेळी कडुलिंबाला अंग घासत होती, मी तिच्याकडे बघत बसलो.

"फोन आहे त्यांच्याकडे?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

"आहे."

"मला काही विचारायचं नाही, नेर्लेकर. ते एकदाच असतं. पण जेवण झालं का, गुडघ्याला काय लावता, एवढं विचारायला हरकत नसावी. डॉक्टर माणूस आहे मी."

मी नंबर सांगितला. त्यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिला, आणि मग काही तरी आठवल्यासारखं करून माझ्या मुलांची चौकशी करायला लागले.

त्यानंतर मी ना डॉक्टरांना विचारलं, ना बाईंना. पुढच्या दिवाळीत आम्ही पुण्याला होतो. पाडव्याच्या सकाळी आंघोळी आटोपल्यावर बाईंना नमस्कार कळवावा म्हणून फोन लावला. एंगेज. भाचा बोलत असेल, असं वाटलं. फराळ केला, पुन्हा लावला. एंगेज. पाहुणे येऊन गेले. पुन्हा लावला, तेव्हाही तेच.

"रिसीव्हर नीट ठेवला नसेल त्यांनी," बायको म्हणाली. "म्हातारं माणूस, एकटं. कुणाला तरी पाठवून बघायला सांगा. पडल्याबिडल्या असल्या म्हणजे?"

मी डॉक्टरांचा, उदगीरकडचा नंबर फिरवला. तोही एंगेज होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. त्या दिवशी मी त्या दोघांपैकी कुणालाच पुन्हा फोन लावला नाही.